म्हातारपणची दारू : ‘आता पिऊ द्या’ म्हणू नका

“आयुष्यभर कष्ट केले, आता चार दिवस राहिलेत, पिऊ द्या त्यांना.” आपल्या वस्त्यांमध्ये म्हाताऱ्या माणसाच्या दारूबद्दल असं सर्रास बोललं जातं. त्यात माया असते, पण नुकसान त्याच माणसाचं होतं.

वय वाढलं की शरीरातलं पाणी कमी होतं, यकृताचं काम मंदावतं. चाळिशीत पचत होती तेवढीच दारू साठीनंतर जास्त चढते. तोल जाऊन खुब्याचं हाड मोडतं. झोपेच्या, साखरेच्या, बीपीच्या गोळ्यांसोबत दारू गेली तर जिवावर बेतू शकतं. जेवण सुटून ब-१ जीवनसत्त्व कमी पडतं, विसर पडू लागतो. घरचे म्हणतात, वय झालं.

धाराशिव जिल्ह्यात कळंब, वाशी, भूम, परंड्याकडची कितीतरी जोडपी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागे राहतात आजी-आजोबा आणि शाळेत जाणारी नातवंडं. एकटेपणात आजोबांची दारू वाढते. श्रावणबाळ योजनेचे पैसे दारूत गेले की आजीच्या गोळ्या राहतात, नातवाची वही राहते. शाळेतून आलेली नात आधी आजोबा शुद्धीवर आहेत का ते बघते. आईबापाला फोनवर मात्र ‘सगळं बरं आहे’ असंच सांगितलं जातं.

पाचवं शील आपण वंदनेत म्हणतो. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. म्हणून पौर्णिमेला, जयंतीला अनेक जण विहारात दारू सोडण्याचा निश्चय करतात. निश्चय चांगलाच. पण रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, झटके येऊ शकतात, नसलेली माणसं दिसू लागतात. उपचार मिळाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला खोलीत कोंडू नका, दवाखान्यात न्या. औषधांच्या आधाराने हे दिवस निभावतात.

‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींना भुलून चहात गोळी घालू नका. त्यावर दारू प्यायली तर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हाताऱ्या हृदयाला ते झेपत नाही.

बोलायचं तर सकाळी, शुद्धीवर असताना, चारचौघांत न लाजवता बोला. नातवंडांना सांगा, ‘यात तुमची काही चूक नाही.’ जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा. १४४१६ (टेलिमानस) आणि १४४४६ (नशामुक्ती) या क्रमांकांवर फोन केला तर मोफत सल्ला मिळतो. घरच्यांनीही फोन करावा.

साठीनंतरही दारू सुटते. व्यसन हा आजार आहे आणि आजाराला वयाची सबब नसते. शील विहारात घ्या, उपचार दवाखान्यात घ्या. दोन्ही एकाच वाटेवरचे आहेत.