वायदा पाळा, गिऱ्हाईक टिकेल

हात कसबी, माल चोख, तरीही गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाची पायरी का चढते? आपल्या कोल्हापुरात याचे उत्तर बहुधा एकाच शब्दात मिळते : ‘उद्या या!’

जवळच्या मिरजेकडे पाहा. शिकलगार मूळचे शस्त्रांना धार लावणारे. ते काम कमी झाल्यावर एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगार तंतुवाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या धंद्यात भोपळा वाळण्यापासून जवारी काढण्यापर्यंत प्रत्येक टप्पा आपला वेळ घेतोच. भोपळा वेळेवर वाळत घातला नाही, तर पुढे रात्र जागूनही ती कसर भरून निघत नाही.

शिवणकाम असो की फर्निचर, हिशेब हाच. चालढकल नेहमी आळसातून येते असे नाही. काम डोंगराएवढे वाटले की हात मागे सरतो. म्हणून त्याचे तुकडे पाडा : आज कटिंग, उद्या शिलाई, परवा काजबटण. वहीत प्रत्येक नावापुढे माल देण्याची तारीख लिहा. दुकान उघडताच आधी वही, मग चहा. आगाऊ रक्कम घरखर्चात गेली की उरलेले काम नकोसे होते. ती त्याच कामाच्या मालाला लावा. ईदेपूर्वी झेपतील तेवढेच कपडे घ्या.

वायदा मोडण्यापेक्षा आधीच ‘जमणार नाही’ म्हणणे बरे. गिऱ्हाईक त्या दिवशी परत जाईल, पण पुढच्या ईदेला पुन्हा तुमच्याकडेच येईल.