भिंत लपवा, पुसू नका

आर्वीतले आपले सुतार आणि ग्रिलवाले बांधव आजवर कागदी नकाशावर काम करीत आले. आता इंजिनिअर संगणकावर उभे केलेले आख्खे घरच दाखवतो. 'रेव्हिट' सॉफ्टवेअरमध्ये प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन ही सुटी चित्रे नसतात. एकाच घराकडे निरनिराळ्या बाजूंनी पाहणे असते. गोम इथेच आहे. जिना दिसावा म्हणून आड येणारी भिंत 'डिलीट' केली, तर ती सगळ्या नकाशांतून जाते. तिच्यातली दारे-खिडक्याही जातात, दारांच्या यादीतूनसुद्धा. त्या यादीवरून सागवान कापणाऱ्याच्या चौकटी मग कमी भरतात.

म्हणून आधी 'डुप्लिकेट व्ह्यू' घ्यावा, म्हणजे मूळ दृश्याची मांडणी बिघडत नाही. पण प्रतीत डिलीट केलेली भिंतही मूळ घरातूनच जाते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. भिंत निवडून एच दोनदा दाबावे, ती तात्पुरती लपते. एच-आर दाबले की परत येते. आतले पाहायला 'सेक्शन बॉक्स' आहे, तो त्या दृश्यापुरताच कापतो.

आणि कॅमेऱ्याच्या दृश्यावरून माप घेऊ नये, ते प्रमाणात नसते. माप प्लॅनवरूनच मागावे. आम्ही तर जागेवर टेप लावल्याशिवाय लाकडाला करवत लावू नये असेच म्हणू.