‘ऑथेल्लो’ आणि ‘झुंझारराव’ : वर्णद्वेष व मत्सर

शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’त वर्णद्वेष व मत्सर या दोन स्वतंत्र प्रेरणा नसून त्यांच्यात कार्यकारणसंबंध आहे. पहिल्या अंकात ब्रॅबान्शियो काळ्या मूराशी झालेला आपल्या कन्येचा विवाह निसर्गविरुद्ध ठरवितो. व्हेनिसचा ड्यूक तो आक्षेप मान्य करीत नाही. तिसऱ्या अंकात मात्र त्याच आक्षेपाचा सूर ऑथेल्लोच्या तोंडून उमटतो, इयागो तो तत्काळ उचलून धरतो आणि ऑथेल्लो स्वतःच्या काळ्या वर्णाकडे बोट दाखवितो. हातरुमाल त्यानंतर हरवतो. म्हणजेच समाजाने लादलेला न्यूनभाव ही मत्सराची भूमी होय.

महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये या नाटकाचे भाषांतर केले. देवलांच्या ‘झुंझारराव’ (१८९०) या रूपांतरात ऑथेल्लोचा झुंझारराव, डेस्डिमोनाची कमळजा व इयागोचा जाधवराव झाला. पात्रे मराठी होताच मूराच्या परकेपणामागील युरोपीय इतिहास मागे पडतो. म्हणून नायकाच्या आत्मसंशयाला येथे कोणता सामाजिक आधार आहे, हे अभ्यासकाने प्रथम तपासावे. तो आधार दुबळा असेल, तर शोकांतिका केवळ संशयी पतीची कथा उरते आणि समाजाचा अपराध व्यक्तीच्या स्वभावदोषाआड लपतो.