टोचन: गाडी ओढणं सोपं, थांबवणं अवघड

मागच्या भागात कॅम्परव्हॅनचा विषय निघाला आणि एका श्रोत्याने विचारलं, "अमेरिकेत मोटरहोमच्या मागे अख्खी कार चारही चाकांवर ओढत नेतात. आपण ताडोब्याला तसं जाऊ शकतो का?"

सरळ उत्तर: नाही. आपल्याकडच्या नियमांनुसार ट्रेलर सोडला तर साधारणपणे बिघडलेलीच गाडी ओढता येते, तीही गॅरेजपर्यंत पोचवायला. पण ती वेळ आपल्यावर कधीही येते. माझ्यावर आली.

गेल्या पावसाळ्यात आलापल्लीहून चंद्रपूरला परत येत होतो. आष्टीच्या अलीकडे टायमिंग बेल्ट तुटला, इंजिन बंद. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, मोबाईलला रेंज नाही, बाजूने खनिजाचे ट्रक धडधडत चाललेले. अर्ध्या तासाने एक ट्रॅक्टरवाले काका थांबले. दोर बघून म्हणाले, "खिचून तं देतो भाऊ, पण थांबवशीन कसा?"

मी बीटेक झालेला माणूस, हसलो. पहिल्याच उतारावर हसू गेलं. ट्रॅक्टर हळू झाला, दोर सैल पडला, मी ब्रेक दाबला तर पेडल दगडासारखं! ट्रॉलीपासून हातभर अंतरावर गाडी थांबली.

झालं काय होतं? ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनच्या जोरावर चालतो. इंजिन बंद असेल तर दोन-तीन वेळा दाबेपर्यंत मदत मिळते, मग सगळी ताकद पायाची. पॉवर स्टिअरिंगही जड होतं. आणि दोर फक्त ओढतो, मागच्या गाडीला रोखत नाही. म्हणजे टन-दीड टनाची गाडी थांबवायची जबाबदारी पूर्णपणे मागच्या ड्रायव्हरची.

आता अमेरिकेतलं सामान बघा. कारच्या चासीला बसवलेली बेस प्लेट, तिला जोडणारा लोखंडी टो बार, तो निसटला तर धरून ठेवणाऱ्या सेफ्टी केबल, मागचे दिवे चालवणारी वायरिंग, कारचा ब्रेक आपोआप दाबणारं यंत्र आणि गाडी सुटलीच तर ब्रेक लावणारा ब्रेकअवे स्विच. ओढायला खरं तर एक बार पुरतो. बाकी बहुतेक सामान थांबवण्यासाठी आणि मागच्याला दिसण्यासाठी!

आपल्या डिकीत काय हवं?

टो हूक: बहुतेक गाड्यांत स्टेपनीजवळच्या टूलकिटमध्ये असतो. बंपरवरचं छोटं झाकण काढून तो आत फिरवून घट्ट बसवायचा. काही गाड्यांत आटे उलटे असतात, जबरदस्ती करू नका. दोर बंपरला किंवा सस्पेन्शनच्या आर्मला कधीच बांधू नका.

टोचन पट्टा: गाडीच्या वजनाच्या किमान दुप्पट क्षमतेचा. नायलॉनचा पट्टा थोडा ताणतो, झटका पचवतो. साखळी झटका थेट हुकाला देते. दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, हाही नियम आहे. दोराला लाल फडकं बांधा आणि ताणलेल्या दोराजवळ कुणालाही उभं करू नका.

डी-शॅकल दोन: गाठ आवळून बसते, नंतर सुटत नाही.

पाटी: मागच्या बाजूला पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत "ऑन टो". सोबत टॉर्च आणि त्रिकोण.

निघण्याआधी: गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली, चावी 'ऑन'वर, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. इंजिन सुरू राहत असेल तर सुरूच ठेवा. मागच्या गाडीत लायसन्सवाला माणूसच बसवा. वेग वीसच्या आसपास. दोर कायम ताणलेला राहील असा हलका ब्रेक मागच्याने आधी लावायचा, पुढच्याने नंतर.

एक मोठा अपवाद. ऑटोमॅटिक किंवा इलेक्ट्रिक गाडी अशी ओढू नका. बऱ्याच ऑटोमॅटिकमध्ये इंजिन बंद असताना गिअरबॉक्सला तेल पोचत नाही आणि तो जळतो. इलेक्ट्रिकमध्ये चाकांबरोबर मोटर फिरून वीज तयार करते. त्यांना फ्लॅटबेडच हवा.

आणि चंद्रपूर–मूल रस्त्यासारख्या जंगलपट्ट्यात रात्री गाडी बंद पडली तर दोर बांधायला खाली उतरू नका. काचा बंद, चारही इंडिकेटर सुरू, आणि येणाऱ्या गाडीची वाट बघा.

काकांनी आष्टीत गॅरेजसमोर सोडलं, पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "आता समजलं ना?" हाव काका, समजलं.

आज घरी गेल्यावर एकच काम करा: डिकी उघडून टो हूक आहे का बघा. भेटू पुढच्या भागात!