रक्त लवकर न थांबणारी आई आणि बाळंतपण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘हिचं रक्त थांबत नाही, मग बाळंतपणात काय होणार?’ व्हॉन विलेब्रँड आजार असलेल्या मुलीच्या कानावर हा प्रश्न लग्नाआधीपासून पडतो. रक्त गोठायला लागणारं एक प्रथिन या आजारात कमी असतं किंवा सदोष असतं. भीतीला जुना आधार आहे. 1926 मध्ये एरिक फॉन विलेब्रँड या फिनिश डॉक्टरांनी ज्या मुलीमुळे हा आजार प्रथम नोंदवला, ती पुढे तेराव्या वर्षी, चौथ्याच पाळीत अतिरक्तस्रावाने गेली. त्या काळी उपचार नव्हते. आज आहेत, आणि हा आजार असलेल्या असंख्य स्त्रिया सुखरूप बाळंत होतात.

मुळात बाळंतपणातलं रक्त आधी थांबवतं ते गर्भाशय. पूर्ण दिवसांच्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त जात असतं. वार पडली की गर्भाशयाचे स्नायू आवळतात आणि त्यांच्या जाळीतून जाणाऱ्या रक्तवाहिन्या पिळल्यासारख्या बंद होतात. गोठण्याचं काम त्याच्या जोडीने चालतं. प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाचं सर्वांत मोठं कारण गर्भाशय सैल पडणं हे आहे, आणि ते रक्त उत्तम गोठणाऱ्या बाईलाही होऊ शकतं. म्हणून बाळ बाहेर येताच दिलं जाणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन इथेही पहिलं औषध.

दुसरी दिलाशाची गोष्ट निसर्गच करतो. गरोदरपणात या आजारात उणं असणारं ते प्रथिन आणि त्याच्यासोबतचा, रक्त गोठवणारा फॅक्टर आठ, दोन्ही वाढतात. या आजाराच्या सर्वाधिक आढळणाऱ्या टाइप 1 या प्रकारात अनेकींची पातळी शेवटच्या तिमाहीत सर्वसामान्य होते. टाइप 2 मध्ये प्रथिन वाढलं तरी ते सदोषच असतं, 2बी या उपप्रकारात तर प्लेटलेट उतरू शकतात, आणि टाइप 3 मध्ये वाढ होतच नाही. म्हणून आपला प्रकार कोणता, हे प्रत्येकीला नावानिशी माहीत हवं. पातळी सुरुवातीला आणि पुन्हा शेवटच्या तिमाहीत तपासतात. पाठीच्या मणक्यात भुलीचं इंजेक्शन देण्यासाठी ती किमान 50 टक्के असावी असं धरतात.

पण इथेच सर्वांत घातक गैरसमज जन्मतो : ‘नवव्या महिन्यात रिपोर्ट नॉर्मल आला, आता चिंता मिटली.’ मिटत नाही. वाढलेलं प्रथिन बाळंतपणानंतर उतरू लागतं आणि एक ते तीन आठवड्यांत मूळ पातळीवर येतं. म्हणजे दवाखान्यातून घरी सोडल्यानंतर, बारशाच्या गडबडीच्या सुमाराला, धोका पुन्हा डोकं वर काढतो. सगळ्या घराची काळजी प्रसूतीच्या दिवसावर एकवटलेली असते आणि नंतरचे हे आठवडे दुर्लक्षित राहतात, हे मला फार खटकतं.

त्यात आपल्याकडची एक समजूत भर घालते : ‘जाऊ दे अंगावरून, घाण निघून जाते.’ ते घाण रक्त नसतं. सुरुवातीचे काही दिवस लाल, मग तपकिरी-गुलाबी, मग पांढरट-पिवळसर, असा स्राव ओसरत जायला हवा. तो पुन्हा लालभडक झाला, तासाभरात पॅड पूर्ण भिजू लागलं, मोठाल्या गाठी पडल्या, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सव्वा महिना संपायची वाट पाहू नये. हा आजार असलेल्या अनेकींना प्रसूतीनंतर दहा ते चौदा दिवस ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या देतात. स्तनपान चालू असताना त्या साधारणपणे घेता येतात, कारण दुधात अगदी थोडा अंश उतरतो. आपल्या बाबतीत त्या हव्यात का, हे घरी जाण्यापूर्वी विचारून घ्यावं.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत इथे अडचणीची ठरते. तपासण्या पुण्यात आणि प्रसूती तालुक्याच्या गावी झाली, तर त्या डॉक्टरांना आजाराचं नावही कळत नाही. फाइल सोबत हवीच. शक्य असेल तर रक्तविकारतज्ज्ञ आणि रक्तपेढी असलेल्या शहरात आईनेच लेकीकडे राहायला यावं.

‘बीटी-सीटी (रक्त थांबायला आणि गोठायला लागणारा वेळ) नॉर्मल आहे, म्हणजे आजार नाही,’ हेही खरं नाही. या साध्या चाचण्यांतून सौम्य व्हॉन विलेब्रँड सहज निसटतो. त्यासाठी त्या प्रथिनाचं प्रमाण, त्याचं कार्य आणि फॅक्टर आठ मोजावे लागतात, तेही शक्यतो गरोदर राहण्यापूर्वी, कारण गरोदरपणातली वाढ दोष झाकते. ‘आमच्या घरात सगळ्याच बायकांना जास्त जातं’ हे वाक्य ऐकलं की तपासणीचा विचार करावा. हा आजार स्त्री-पुरुष दोघांतही आनुवंशिकतेने येतो.

‘सिझेरियन सुरक्षित’ हा समज तर उलटाच आहे. त्यात पोट आणि गर्भाशय दोन्हींवर छेद जातो. निव्वळ या आजारासाठी सिझेरियन करत नाहीत, प्रसूतीचं कारण असेल तरच करतात. मात्र बाळालाही आजार असू शकतो, म्हणून चिमटा आणि व्हॅक्यूम शक्यतो टाळतात.

‘रक्ताच्या बाटल्या तयार ठेवल्या की झालं’ असंही नाही. बाटलीतलं रक्त गेलेल्या रक्ताची भरपाई करतं, उणं प्रथिन पुरेसं देत नाही. त्यासाठी हे प्रथिन असलेलं फॅक्टर कॉन्सन्ट्रेट लागतं, ते नसेल तर क्रायोप्रेसिपिटेट. हिमोफिलियासाठीच्या फॅक्टर आठच्या काही औषधांत ते प्रथिन नसतंच. म्हणून ‘फॅक्टर आहे का’ एवढंच विचारून थांबू नका, कोणतं आहे ते विचारा, आणि ते आठव्या महिन्यातच विचारा.

हिमोग्लोबिन वाढवणं मात्र आजपासून हातात आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या सुमारे 52 टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, आणि रक्तक्षय असलेल्या शरीराला थोडाही रक्तस्राव झेपत नाही. लोहाच्या गोळ्या चुकवू नका. दुखलं म्हणून ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, पॅरासिटामॉल चालतं. फाइलच्या पहिल्या पानावर आजाराचं नाव, प्रकार, शेवटची पातळी आणि रक्तविकारतज्ज्ञांचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, आणि ती फाइल सव्वा महिना उशाशी राहू द्या.