वटवट्याचे कूळ

कुंपणाच्या झुडपात शेपटी उभारून सतत बोलणारा वटवट्या आपण पाहिला असेल. मराठीने त्याला आवाजावरून नाव दिले. शास्त्रातले ‘प्रिनिया’ हे प्रजातीचे नाव हॉर्सफील्डने १८२१ साली जावा बेटावरच्या बोलीतून उचलले. आपल्याकडच्या राखी वटवट्याचे वर्णन साइक्सने १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांत केले.

बारीक चोच, मळकट रंग, किड्यांचा आहार, एवढ्याच साम्यावर असे शेकडो पक्षी पूर्वी ‘सिल्विइडी’ कुलात कोंबले होते. ही अडगळीची खोली डीएनएच्या तपासणीने आवरली. वटवट्या ‘सिस्टिकोलिडी’ कुलात गेला आणि पाने शिवणारा शिंपी त्याचा भाऊबंद ठरला. राखी वटवट्याही कधीकधी पाने शिवूनच घरटे करतो! उलट सिंधूकाठच्या गवतातला, वटवट्याच मानलेला लांब शेपटीचा एक पक्षी परका निघाला. त्याला ‘लॅटिसिला’ या वेगळ्या प्रजातीत, वेगळ्या कुलात हलवावे लागले.

तेव्हा नव्या पक्षिग्रंथात जुनी लॅटिन नावे बदललेली दिसली, तर ती शास्त्रज्ञांची लहर समजू नये. पूर्वी रूपावरून लावलेले नाते आता वंशावरून लावले आहे. मराठी नावाला मात्र धक्का लागलेला नाही. पक्षी अजून वटवटतोच आहे.