चाकणच्या माळावरच्या दोन टिटव्या

मोशी ओलांडून चाकणच्या रस्त्याला लागलं की कंपन्यांच्या भिंतींमधून अजूनही कुठेकुठे मोकळा माळ दिसतो. मुरूम, खुरटं गवत, उन्हात तापलेले दगड. कागदोपत्री ही जमीन पडीक. टिटवीच्या दोन जाती अशाच जागी भेटतात.

पहिली सगळ्यांच्या ओळखीची टिटवी. डोळ्यापुढे लाल मांसल पट्टी, लाल चोचीचं टोक काळं, गळा आणि छातीही काळी. रात्रपाळीहून सुटणाऱ्यांनाही तिचा ओरडा ठाऊक असतो. दुसरी माळटिटवी. ही चणीने लहान, अंगाने मातकट. डोक्यावर काळी टोपी, टोपीखाली पांढरी कड आणि चोचीच्या बुडाशी पिवळाधमक मांसल पडदा. दोघींचं शास्त्रीय नामकरण पीटर बोडार्ट या डच निसर्ग अभ्यासकाने एकाच वर्षी, १७८३ मध्ये केलं.

घरटं दोघीही बांधत नाहीत. जमिनीत उथळ खळगा, भोवती खडे, आत बहुधा चार ठिपकेदार अंडी. ती मुरमात अशी मिसळून जातात की पायाशी असली तरी दिसत नाहीत. तापलेल्या जमिनीवर अंडी भाजू नयेत म्हणून नर-मादी पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतात आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसतात. पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते, अंडी गार राहतात. सुमारे चार आठवडे त्यांचा हा खटाटोप चालतो.

फरक आहे तो राहणीत. टिटवीला जवळपास पाणी असलं की नांगरट, नदीकाठ, कंपनीच्या आवारातलं तळं, कधी गच्चीवरची खडीसुद्धा चालते. माळटिटवी मात्र कोरड्या, उघड्या माळाचीच. भारतीय उपखंडाबाहेर ती वीण करत नाही. म्हणून माळावर दाट झाडं लावली तर टिटवी दुसरीकडे भागवून घेते, माळटिटवीचं घरच जातं. माळाला पडीक समजून तो हिरवा करायला निघणं मला म्हणूनच चुकीचं वाटतं.

माळटिटवीची वीण मार्च ते मे या काळात भरात असते, आणि पावसाआधी प्लॉट सपाट करायला जेसीबी उतरतात तेही याच दिवसांत. पिलं अंड्यातून बाहेर आल्यावर लवकरच पळू लागतात, पण आईबापांनी इशारा दिला की जागीच दबून बसतात. घारीच्या नजरेतून ती अशी सुटतात; यंत्रापुढे दबून बसण्याचा उपयोग नाही. प्लॉट ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांनी काम सुरू करण्याआधी एखादी सकाळ लांबून पाहणी करावी. एकाच जागी परतपरत येऊन बसणारी माळटिटवी दिसली, तर तेवढा तुकडा जूनपर्यंत सोडावा.